अठरा अंश अठ्ठेचाळीस

हे लिहायचंच नाही, असं महेंद्रनं जवळजवळ ठरवलं होतं. तरी शिरूरच्या स्टँडवर एसटीतून उतरल्या उतरल्या तो बाकड्यावर टेकला आणि मोबाईलवर टाईप केलं, ‘विन्या, तू आकडे बरोबर सांगितले होते. चूक माझी हाय.’ बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत बसला. मग सगळं पुसलं आणि विनोदच्या घराकडं चालू लागला. असलं तोंडावरच सांगावं, असं त्यानं स्वतःला पटवलं.

परवा विनोद भांडगावच्या मामाकडून गाभण गाय घेऊन निघाला होता. मामानं ती बहिणीला, म्हणजे विनोदच्या आईला, भागुबाईला दिलेली. दूध सुरू झालं की लोकांच्या रानात खुरपायला जायचं बंद, असं भागुबाई सगळ्या गल्लीला सांगून बसली होती. विनोद पिकअपमध्ये मागं, ताडपत्रीआड, गायीजवळ. ड्रायव्हर नवखा, बिहारकडचा. त्यानं मधेच आतल्या रस्त्याला गाडी घातली आणि गाय तिथंच व्याली. वासरू नीट आलं, पण मागोमाग गायीचं मायांग, म्हणजे गर्भाशयच, बाहेर पडलं. दोन्ही बाजूंना ऊस. नेट नाही. कुठवर आलो, ते दोघांनाही सांगता येईना. महेंद्र केडगावला दूध डेअरीत कामाला, जनावरांच्या डॉक्टरांशी त्याची ओळख, म्हणून विनोदनं त्यालाच फोन लावला.

अक्षांश-रेखांशाचं वेड मुळात महेंद्रचं. व्हिडिओ बघून बघून शिकलेला. विनोदच्या घरापुढं काठी रोवून त्यानं दाखवलं होतं, की सावली सगळ्यात आखूड होते ती बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. देशाचं घड्याळ पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं, आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. अंशाचेही साठ भाग असतात आणि त्यांनाही मिनिटंच म्हणतात, हेही त्यानंच सांगितलेलं. नेट नसलं तरी मोबाईलच्या होकायंत्रात आकडे दिसतात, हेही. विनोदनं तेच आकडे वाचून दाखवले. अठरा अठ्ठेचाळीस, चौऱ्याहत्तर चोवीस. आणि फोन कटला.

महेंद्रनं घाईत मधे टिंब देऊन ते नकाशात टाकले. अठरा पॉइंट अठ्ठेचाळीस. खूण पडली भांडगावच्या बाजूला, नदीकडच्या उसात. तिथनंच निघालेत, लांब गेले नसतील, असं वाटून त्यानं लोकेशन डॉक्टरांना पाठवलं. डॉक्टर भागात नवीन. ते न्हावऱ्यात होते, तिथून लगेच दक्षिणेला सुटले. पण विनोदनं वाचलेली ती मिनिटं होती, आणि साठातले अठ्ठेचाळीस म्हणजे पॉइंट ऐंशी. पिकअप उलट्या बाजूला, उत्तरेला, शिरूरच्या तोंडाशी उभी होती. ‘इथं तर कुणीच नाही,’ असा डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा महेंद्रनं आकडे परत ताडून बघितले आणि खरी जागा कळवली. डॉक्टर माघारी फिरून पोचले तोवर गाय गेली होती.

भागुबाईनं त्याला बघून चहा ठेवला. तिचं रडून झालं होतं. आता राग चालू होता, आणि तो सगळा विनोदवर.

"तू एवढं शिकवलं ह्याला. दोघं उन्हात काठ्या रोवीत बसायचा. आन् ऐन टायमाला ह्याला दोन आकडं धड वाचता आलं न्हाईत."

"मावशी, त्याचं न्हाई, ते..."

"म्हेंद्या, वासरू धरायला ये," विनोद मधेच उठला. "एकट्याला बाटली तोंडात घेऊ देत न्हाई ते."

मागं पत्र्याच्या शेडात महेंद्रनं वासराची मान काखेत धरली. विनोदनं बाटली लावली. दोघंही वासराकडंच बघत होते.

"विन्या, तू बरोबर वाचलं होतंस."

"ठाव हाय. टिंब दिलं की भांडगाव येतं. मी बी टाकून बघितलं."

महेंद्रची पकड ढिली झाली. वासरू मागं सरलं, दूध खाली सांडलं.

"मग मावशीला..."

"मीच चुकलो म्हणून सांगितलंय." विनोदनं बाटली शर्टाला पुसली. "मला दोन दिस शिव्या घालंल आन् जेवायला बी वाढंल. तुला शिव्या न्हाई घालायची ती. तुझ्यापुढं च्या ठेवंल आन् गप बसंल. कायमची."

"सांगू दे मला. झोप लागत न्हाई रं."

"तुला झोप लागावी म्हणून तिला सांगायचं व्हय?"

आत भागुबाई परत सुरू झाली होती. आधी विनोदचं नाव घेऊन, मग त्याच्या मोबाईलचं.

"सांगणार न्हाईस. बोल," विनोद हळूच म्हणाला.

महेंद्रनं वासराची मान पुन्हा काखेत घेतली. आतला आवाज थांबायची वाट बघितली. तो थांबेना.

"न्हाई सांगणार," तो म्हणाला.