निळी नळीवाली आणि मी

मी एक जुनी, जाड कापडाची पाण्याची पिशवी आहे. मित्रांनो, माझ्या पोटातलं पाणी हळूहळू बाहेर झिरपतं, त्याला वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. माझी कला एवढीच. क्लॅरीआजोबा तरुणपणी मेंढ्यांमागे हिंडत, तेव्हा मी त्यांच्या घोड्याच्या मानेला लटकलेली असे. लोक वाट वाकडी करून माझं पाणी प्यायला येत. पुढे घरात फ्रीज आला आणि माझी रवानगी शेडमधल्या खिळ्यावर झाली.

यंदा घरातल्या सगळ्यांनी घळीतून पायी जायचं ठरवलं आणि आजोबांनी मला खाली काढलं. मी हरखून गेले. पण गाडीत आधीच एक बया बसली होती. निळी, प्लॅस्टिकची, पाठीवर घ्यायची पाण्याची बॅग, नळीने पाणी ओढायची! आजोबांची नात टेगन तिला क्षणभर सोडत नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला.

त्यात ब्रेटने, म्हणजे आजोबांच्या मुलाने, टेगनच्या बाबाने, मला कोरडी असतानाच भरलं. गाडीत तळं साचलं.

"बाबा, ही गळतेय. वाटेत कचराकुंडीत टाकून देतो."

"गळेल नाहीतर काय! आधी रात्रभर भिजवायची असते, गाढवा. पुढे बंपरला बांध तिला. घळीपर्यंत रिकामी झाली तर खुशाल टाक."

निळी आत गारव्यात आणि मी बाहेर धुळीत! 'फुटो मेली तुझी नळी,' असं मी मनात म्हटलं. पण कचराकुंडीच्या धास्तीने धागा न् धागा फुगवून पाणी धरून ठेवलं. घळीशी पोचलो तेव्हा मी अर्धी भरलेली होते. आजोबांनी मला खांद्याला लावलं.

लाल कडे तव्यासारखे तापले होते. टेगन प्रत्येक वळणावर नळी चोखायची. दुपारी नळीतून नुसता गुरगुर आवाज आला.

"पॉप, घसा सुकला," ती आजोबांना म्हणाली.

आता कशी आली माझ्याकडे! पण तिने नाक मुरडलं. "शी, हिला मेंढ्यांचा वास येतो. माझ्या बॅगेत ओता ना."

आणि आजोबांनी माझं थोडं पाणी त्या निळीच्या पोटात ओतलं! टेगनने घोट घेतला आणि ती ब्रेटला ओरडून म्हणाली, "बाबा, माझी बॅग भारीच आहे! पाणी कसलं गार झालंय!"

मित्रांनो, मी जळून खाक झाले. पाणी माझं आणि कौतुक तिचं!

थोड्या वेळाने टेगनचं तोंड वाकडं झालं. "ई, पार चहा झालाय. मघाशी गार कसं होतं?"

आजोबांनी तिचा हात धरून माझ्या ओल्या पोटावर ठेवला. तिने हात तसाच ठेवला, मग गाल टेकवला. मग बूच काढून घटाघटा प्यायली.

"वास येतोच," ती म्हणाली आणि पुन्हा तोंड लावलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कोणी खिळ्यावर असेल. त्याला फेकण्याआधी ते कसं वापरायचं, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

निळीचं म्हणाल, तर ती परतताना टेगनच्या पाठीवर रिकामी लोंबत होती. तिला वाईट वाटलं असेल. मला मात्र मुळीच वाटलं नाही.