नऊ गाठी, नऊ शेपट्या

कार्ल्याच्या एकवीरा आईची आण, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय. खोटं असंल तर माझे उरलेले तीन दात आत्ताच्या आत्ता पडू द्यात.

वडगावच्या बाजारात तवा नुसती झुंबड. मधी हौशीराम. सोताला चिनी वैद्य म्हणवायचा. चीनशी नातं म्हंजी हातातली चिनीमातीची बरणी, बस. पुढ्यात पिंजरा, त्यात पांढरी उंदरीण, पोट तटतटल्यालं.

"ही क्यान्सरची गाठ," तो सांगायचा. "चिनात ही बुटी हजार उंदरांवर तपासली. हजारातले अकराशे बरे झाले."

लोकं माना डोलवायची. मंग तो उंदरिणीला थेंब पाजायचा, पिंजऱ्यावर लाल फडकं टाकून बिऱ्हाडी न्यायचा. पुढल्या बाजारी फडकं काढलं की उंदरीण सपाट.

माझी थोरली जाऊ विठाबाई. तिच्या छातीत गाठ. लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं व्हतं, पुण्याला जाऊन कापून घ्या, उशीर नको. पर विठाबाईनं ती सपाट उंदरीण बघितली आन् चाकूला न्हाई म्हणाली. दोन म्हैने बुटी प्याली. गाठ लिंबाएवढी झाली तरी म्हणायची, विरघळायच्या आधी फुगती, वैद्यानं सांगितलंय.

माझ्या सासूबाई, मुक्ताबाई, बेडशाच्या सुईण. अर्धा मावळ त्यांच्या हातावर जन्मला. एका बाजारी मला घिऊन गेल्या. हौशीरामाकडं नवी उंदरीण व्हती. सासूबाई सरळ पिंजऱ्याशी बसल्या, दोन बोटं आत घालून तिचं पोट चाचपलं. वैद्य म्हणाला, मावशी, हात काढा, गाठ चावती.

"चावू दे की. आज औषध पाजायचं न्हाई, वैद्यबुवा. आन् पिंजरा हितंच ऱ्हाईल, समद्यांच्या म्होरं."

तो म्हणाला, बुटीबिगर उंदरीण मरंल, पाप लागंल. तवर भिमाजी चहावाल्यानं पिंजरा उचलून आपल्या फळीवर ठेवला बी. सासूबाईंनी आत कापूस सारला, गुळाचा खडा टाकला आन् आमी राखण बसलो. बाजार उठायच्या बेताला त्या वाकून बघत म्हणाल्या,

"गाठ सुटली. एक न्हाई, नऊ. नवांना बी शेपट्या हायती."

हौशीराम काय कमी? म्हणाला, हाच तर चमत्कार, बुटीच्या नुसत्या वासानं गाठीची पिल्लं झाली. दोघाचौघांनी हात बी जोडले. तवा गळ्यावर आवाळू असलेल्या अंबाजीनं लय काळजीनं इचारलं, "मंग माझ्यातनं काय निघंल?"

बाजार हसून हसून आडवा. दर खेपंला उंदरीण फडक्याआड बाळंत व्हायची आन् वैद्य पिल्लं गायब करायचा, हे समद्यांना उमगलं. हौशीराम बरणी टाकून स्टेशनाकडं पळाला.

घरी येऊन समदं सांगितलं तशी विठाबाई रडायला लागली. सासूबाई तिच्याजवळ बसल्या.

"औषध चीनचं असू दे न्हाईतर चांदखेडचं, माझं वैर न्हाई. पर निम्म्या उंदरांना द्यावं, निम्म्यांना देऊ नये, मंग दोन्हीकडं बघावं. आन् त्याआधी गाठ हाय का पोर, ते बघावं. तुझी गाठच हाय, पोरी. उद्याची गाडी धर."

तिनं धरली. कापून आली. पुढं सोळा वर्सं जगली आन् रोज माझ्याशी भांडली.

आता एक कबूल करते. पिल्लं सहाच व्हती. नऊ म्हटलं की गोष्ट रंगती. पर तुमच्यातल्या एकानं तरी इचारलं का, आजी, मोजली कुणी? इचारत जावा. समोरच्यानं आईची आण घेतली असंल, तर दोनदा इचारा.