एका तांब्याची अतिवृष्टी

"आजपासून या गावचा शेतकरी आभाळाच्या मेहरबानीवर जगणार नाही!" हवामान यंत्राच्या उद्घाटनाला गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव यांनी अशी गर्जना केली आणि यंत्रावरच नारळ फोडला. नारळाचं पाणी पाऊस मोजायच्या नरसाळ्यात गेलं. पाच मिनिटांत सगळ्यांचे मोबाइल वाजले : 'आपल्या मंडळात नऊ मिलिमीटर पाऊस.' मंडळात गावं बावीस. बावीसही गावांत वैशाखाचं ऊन रणरणत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

यंत्र सोसायटीच्या आवारात बसवलं होतं, कारण गावात तारेचं कुंपण तेवढ्याच जागेला. पुढं पाऊस एकदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. कौशल्याबाईचं सोयाबीन वीतभर होऊन करपलं. टँकर सुरू झाले. नेमकी तेव्हाच सोसायटीला पन्नास वर्षं भरत होती, म्हणून अर्जुनरावांनी आवारात हिरवळ लावली. टँकर आला की पाइप आधी हिरवळीला, मग हंड्यांना. फवारा गरगर फिरे आणि शेजारचं यंत्र इमानदारीनं मोजे.

श्रावणात चारा छावण्यांची यादी लागली. आजूबाजूची सगळी मंडळं यादीत. हे नाही. इथं म्हणे पाऊस सरासरीच्या एकशे अठरा टक्के झाला होता.

कौशल्याबाई तडक सोसायटीत गेली. अर्जुनराव चहा घेत होते.

"भावजी, आमच्या हंड्यातलं पाणी ह्या गवताला का म्हून पाजताय?"

"वहिनी, सोसायटीची इज्जत हाय ती. पन्नास वर्सं म्हंजे खेळ न्हाई."

"आन् माझे बैल? घरात वैरणीची काडी न्हाई. बैल गेले तर ऊसतोडीला गाडी कुणी वढायची? मी आन् ह्यांनी?"

"छावणी आली आसती तर मलाच चालवाया मिळाली आसती की! मला काय दुख न्हाई? पण आकड्याफुडं कुणाचं चालतंय?"

"मग तालुक्याच्या साहेबाला लिहून द्या. आकडा पावसाचा न्हाई, फवाऱ्याचा हाय म्हणून."

अर्जुनरावांनी चहा बशीत ओतला. "पाऊस पडला न्हाई, असं मी लिहून द्यायचं? अन् साहेब म्हणला, मग ही हिरवळ कशानं आली, तर?"

ती घरी आली तेव्हा नवरा, त्रिंबक, बैलांच्या शिंगांना तेल लावत होता. उद्या उमापूरचा बाजार. विकायच्या जनावराला गिऱ्हाईकापुढं जरा बरं दिसावं लागतं. तिला बघून त्यानं दुसऱ्या शिंगाला तेल घेतलं, आणि कौशल्याबाईच्या मस्तकात जी तिडीक गेली ती तिथंच. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. तिनं रांजणातून तांब्या भरून घेतला.

"पाणी कुठं न्हेतीस?"

"पूर आणते."

भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, ती कुंपणात शिरली आणि भरला तांब्या नरसाळ्यात रिचवला. मोबाइल वाजले : 'आपल्या मंडळात अतिवृष्टी. जनावरे सुरक्षित स्थळी हलवावीत. नदीपात्रात उतरू नये.' नदीच्या वाळूत पाण्यासाठी झिरा उकरत बसलेल्या बायांनाही तो आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब पुराचा पंचनामा करायला आले. सोबत रेनकोट होता. कौशल्याबाई तांब्या घेऊन कुंपणापाशी उभीच होती.

"मी वतलं. लिहा. चोरून न्हाई वतलं. माझ्या घरचं, प्यायचं पाणी व्हतं. एका तांब्यात बावीस गावं बुडत्यात, तर टँकरभर पाण्यात तुमचा एकशे अठरा टक्के कुठून आला, ते बी लिहा! आमचंच पाणी चोरायचं आन् त्यालाच आमचा पाऊस म्हणायचं? लाज कशी वाटत न्हाई रे तुमाला? वरून पडलं न्हाई ते न्हाई, खालचं बी मोजून घेतलं!"

साहेबांनी हिरवळीकडं पाहिलं, फवाऱ्याकडं पाहिलं आणि बराच वेळ लिहिलं. मग वाचून दाखवलं : यंत्राचे आकडे रद्द, शेजारच्या मंडळाचे धरावेत. म्हणजे छावणी मिळणार.

"बाजार ऱ्हाऊ द्या हो!" बैल घेऊन निघालेल्या त्रिंबकला कौशल्याबाई ओरडली.

मागून अर्जुनराव पुढं सरसावले. "साहेब, छावणीला आपली सोसायटी तयार हाय. कुंपण हाय, पाणी हाय, हिरवा चारा तर उगवूनच ठिवलाय!" मग कौशल्याबाईकडं वळून म्हणाले, "वहिनी, तुमच्या बैलांचं नाव पयलं लिवतो. आपल्यात भेदभाव न्हाई."

कौशल्याबाईच्या तोंडात असा शब्द आला होता की हिरवळ जळाली असती. पण बैल आवारात बांधायला त्रिंबक दावं सोडत होता. तिनं तो शब्द गिळला.

साहेबांनी तोवर तांब्याला जप्तीची चिठ्ठी बांधली. शासकीय यंत्रात पाणी ओतल्याचा गुन्हा तेवढा नोंदवावा लागणार होता.

"आन् पाइप?"

"पाइपावर लेखी तक्रार नाही ना कुणाची."

तांब्या जीपमध्ये ठेवला गेला. ती जीपपाशी गेली. सगळ्यांना वाटलं, आता ही काच फोडते.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "गुन्हा लिहा, पर तांब्या तेवढा ठिवून जावा. घरात येकच हाय."