लिंबाच्या वासाची ओंजळ

मित्रांनो, फार बोलायची ताकद आता उरलेली नाही, तरी सांगते. मी कोलोन्याची काचेची बाटली. गळ्याशी टवका उडालाय, बूच सैल झालंय, आणि अंगावरच्या सोनेरी लिंबाचा नुसता देठ शिल्लक आहे.

कोलोन्या म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर गोंधळ होतो. झालेलाच आहे एकदा. लिंबाचा वास आणि भरपूर मद्यार्क असलेलं ते सुवासिक पाणी. तुमच्याकडे लग्नात दारात गुलाबपाणी शिंपडतात ना, त्याच गोतावळ्यातलं. तुर्की घरात पाहुणा टेकला की यजमानीण बाटली घेऊन पुढे येते. पाहुणा ओंजळ धरतो, ती थोडं ओतते, तो हात चोळतो, मानेला लावतो. मग चहा, मग गोड. पहिला मान माझा.

माझा जन्म इझमीरचा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एमिने नावाच्या नव्या नवरीने मला लोकरी शालीत गुंडाळून इथे, नेदरलँडमधल्या आइंडहोवनला आणलं. तिचा नवरा रिझा इथल्या एका कारखान्यात लागला होता. ते दिवस कामाचे होते हो. बैरामच्या, म्हणजे ईदच्या, सणाला दाराशी बुटांचा हा ढीग पडे. मुलं रांगेने यायची, एमिनेच्या हाताची पापी घेऊन तो कपाळाला लावायची आणि ओंजळ पुढे करायची. संध्याकाळपर्यंत मी रिकामी. मग मोठ्या डब्यातून मला पुन्हा भरत. अंग मोडून यायचं, पण त्या शिणवट्याला चव होती.

पुढे रिझा गेला. बरोबरीची माणसं काही गावी परतली, काही इथल्याच मातीत निजली. लेक सेवगी अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडास नावाच्या कचेऱ्यांच्या भागात, एका उंच इमारतीत नोकरीला. सणाला ती व्हिडिओवर दिसते, पण फोनमधून काही ओंजळ पुढे करता येत नाही. महामारीच्या वर्षी तेवढं माझं कौतुक झालं. 'आई, तुझी बाटली सगळ्यात शहाणी निघाली,' असं सेवगीही म्हणाली. साथ सरली, वैद्य मेला. मी पुन्हा कपाटावर धूळ खात बसले.

एमिने मात्र दर बैरामला घर सजवायची. बकलावा ही पाकातली मिठाई करायची, मला पुसून मधल्या टेबलावर ठेवायची आणि खिडकीशी बसायची. मागची दोन वर्षं कोणी आलं नव्हतं. यंदा तरी एक पाहुणा यावा, एवढंच तिला हवं होतं. मलाही दुसरं काय हवं असणार?

आणि यंदा आला. वरच्या मजल्यावर पुण्याची प्रांजली राहते. नवरा-बायको दोघंही चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामात, दिवसभर बाहेर, म्हणून त्यांची पार्सलं एमिनेकडे येतात. प्रांजलीच्या सासूबाई, वासंतीबाई, तीन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. सणाच्या तिसऱ्या दिवशी सुनेचं बोट धरून त्या खाली आल्या. शाकाहारी माणूस येणार म्हणून एमिनेने कुर्बानीचं वाट्याला आलेलं मटण आदल्या दिवशीच मशिदीत देऊन टाकलं होतं. दाराशी तिने पाहुण्यांसाठीच्या मखमली सपाता पुढे केल्या.

"घरात चपला?" वासंतीबाई म्हणाल्या.

"आई, घाला. त्यांच्याकडे तो मान असतो," प्रांजलीने सांगितलं. तेवढ्यात तिला ऑफिसचा फोन आला आणि ती बाहेर गॅलरीत गेली.

आता दोघी समोरासमोर. एकीला मराठी येतं, दुसरीला तुर्की आणि मोडकंतोडकं डच. वासंतीबाईंनी भिंतीवरचा निळा मणी पाहिला आणि दृष्ट काढल्यासारखी बोटं ओवाळून दाखवली. एमिनेने जोरजोरात मान हलवली. जमतंय म्हणायचं, असं मला वाटलं. पण एमिने इतकी हरखली होती की माझा मान विसरून तिने आधी चहाच आणला. वासंतीबाईंनी हात जोडले. बकलावा आणला, पुन्हा हात जोडले. एमिनेचा चेहरा उतरला. आणि मग तिला माझी आठवण झाली.

मला पाहून वासंतीबाईंचे डोळे चमकले. त्यांनी लगबगीने पदर डोक्यावर घेतला, उजवा तळवा पुढे केला, बोटं जरा वाकवली. एमिनेने ओतलं.

आणि बाई ते प्यायल्या.

मी पंचेचाळीस वर्षांत हजारो हात पाहिले. हे पाहिलं नव्हतं. घोट इवलासाच, पण ठसका असा लागला की डोळ्यांतून धारा. एमिने धावत पाण्याचा पेला घेऊन आली. वासंतीबाई खोकत होत्या, गुदमरत होत्या, आणि तरीही हाताने पेला दूर सारत होत्या. एमिने पेला पुढे करायची, त्या मागे लोटायच्या. प्रांजली धावत आली आणि त्यांना वर घेऊन गेली.

दार लागलं. एमिने त्या पेल्याकडे किती तरी वेळ पाहत बसली. तिच्या गावात म्हणे वैऱ्याच्या घरचंही पाणी नाकारत नाहीत. त्या दिवशी फोनवर ती लेकीला म्हणाली, "मी सणाच्या दिवशी पाहुणीला दुखावलं. तिने माझ्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही."

"ती बाटली काचेच्या कचऱ्यात टाक, आई. कोण वापरतं आता?" सेवगी म्हणाली.

टाकवेना म्हणून तिने मला सिंकखालच्या कपाटात कोंबलं. तीन आठवडे मी मोरी साफ करायच्या औषधाला खेटून उभी होते. खरं सांगू? मला वाईटही वाटेना. थकवा असा असतो, मित्रांनो. एमिने खिडकीशी बसायचीही बंद झाली.

मग एके दुपारी घंटी वाजली. आवाज प्रांजलीचा होता, सोबत वासंतीबाईंच्या बांगड्यांचाही. "आई उद्या पुण्याला परत चालल्या आहेत," ती डचमध्ये सांगत होती. "त्यांना लाज वाटत होती, म्हणून खाली येत नव्हत्या, मलाही काही सांगू देत नव्हत्या. त्या दिवशी त्यांची निर्जला एकादशी होती. पाण्याचा थेंबही चालत नाही. पण देवाचं तीर्थ चालतं, ते हातावर घेऊन पितात. त्यांना वाटलं, चहा नको म्हटलं म्हणून तुम्ही तीर्थच आणलंत."

मग एमिने सावकाश म्हणाली, "म्हणजे माझ्यावर राग नव्हता?"

प्रांजलीने ते मराठीत सांगितलं. वासंतीबाई म्हणाल्या, "अगं, राग कसला? एकादशीला दारू ढोसली मी तिच्या दारात येऊन. तीच माझ्यावर रागावली असेल, असं धरून चालले होते. तिला म्हणावं, आता कळलं. या वेळी चोळायला दे, पाजू नको."

तेही डचमध्ये सांगितलं गेलं आणि एमिने हसू लागली. रिझा गेल्यानंतर ते हसू मी ऐकलंच नव्हतं. कपाट उघडलं, उजेड आला. तिने मला डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने घाईघाईने पुसलं आणि वासंतीबाईंच्या ओंजळीवर कलतं केलं. त्यांनी शहाण्यासारखे हात चोळले, मानेला लावले. एमिनेने पाण्याचा पेला आणला, तो त्या गटागटा प्यायल्या. एमिने तो रिकामा होईपर्यंत पाहत होती.

मग वासंतीबाईंनी पेला ठेवला आणि मला एमिनेच्या हातातून काढून घेतलं.

"तू धर हात," त्या मराठीतच म्हणाल्या. भाषांतर लागलं नाही.

एमिने गोंधळली. तिने ओंजळ धरली, पण पाहुण्यासारखी कशी धरायची तेच तिला आठवेना. या देशात आल्यापासून तिने अख्ख्या गावाच्या हातावर मला ओतलं होतं. तिच्या हातावर कोणी ओतलं नव्हतं. वासंतीबाईंनी जरा जास्तच ओतलं. मनगटावरून ओघळ गेला, आणि एमिनेने तळवे तोंडावर ठेवले ते बराच वेळ काढले नाहीत.

मित्रांनो, मी आता तळाशी दोन बोटं उरले आहे. माझी निगा नाही राखलीत तरी चालेल, काच आहे, कधीतरी फुटायचीच. पण ज्या घरात एक माणूस जन्मभर सगळ्यांच्या हातावर ओतत आलंय, तिथे गेलात तर नुसती ओंजळ पुढे करू नका. एकदा बाटली आपल्या हातात घ्या आणि त्याला म्हणा, तू धर हात.