मूठभर जास्तीचं सिमेंट

मी काँक्रीटची परीक्षा घेणारा बिडाचा साचा बोलतोय. बांधकामावरचा माल माझ्यात भरतात, दुसऱ्या दिवशी ठोकळा काढून पाण्यात ठेवतात आणि सात दिवसांनी मशीनखाली फोडून त्याची ताकद मोजतात. एवढंच माझं काम, पण ते कोणी करू दिलं तर ना!

वाशिमजवळच्या मालेगावात मारोतराव ठेकेदारांच्या गोदामात मी चार वर्षं खिळे सांभाळले. ठोकळे तेव्हा कागदावरच पास व्हायचे. माणसांना तपासणीपेक्षा सहीची घाई फार.

यंदा ठेकेदारांनी गुणवत्तेची नवी पद्धत लावली. प्रत्येक भरणीचे ठोकळे घ्यायचे, फोडायचे, वहीत नोंदवायचे. त्यासाठी रिसोडची नीलिमा इंजिनिअर म्हणून आली. तिनं मला घासून तेल लावलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. मग आम्ही जऊळक्याजवळच्या एका गावी शाळेची खोली बांधायला गेलो.

तिथले मिस्तरी गुलाबसिंग. हात कसबी, पण खोड जुनी. माल घट्ट वाटला की बादलीभर पाणी ओतायचे, म्हणजे तो भराभर पसरतो, पण वाळल्यावर कच्चा राहतो. मला भरताना मात्र मूठभर जास्तीचं सिमेंट कालवायचे, पाहुण्याच्या पोळीवर तूप वाढावं तसं. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

दोन कॉलम भरले. ठोकळ्याची ताकद हवी तिच्या दीडपट निघाली. सगळे खूश, नीलिमाच्या कपाळाला मात्र आठ्या.

"काका, साच्यात येगळा माल टाकला का?"

"टाकला ना," मिस्तरी सरळ म्हणाले. "परीक्षेले पोट्टं न्हाऊमाखू घालूनच धाडतो आपण. नापास झालं तं तुमचंच नाव जाईन."

"अन् कॉलमच नापास असला तं? खाली लेकरं बसतीन, काका."

मिस्तरींनी हातातली थापी खाली ठेवली. त्यांची नात त्याच शाळेत दुसरीत होती.

नीलिमानं कॉलमात गेला होता तसाच माल, बादलीभर पाण्यासकट, पुन्हा कालवून घेतला आणि मला भरलं. सात दिवस माझा जीव टांगणीला. ठोकळा निम्म्या ताकदीतच फुटला.

"प्लास्टर झाल्यावर कोणाले दिसते?" निकाल ऐकून कामावर आलेले मारोतराव म्हणाले. नीलिमानं वहीत खरा आकडा लिहिला. तिची नोकरी जाते की काय, असं मला वाटलं.

तेवढ्यात गुलाबसिंगांनी घण उचलला. "माह्या हातचे कॉलम हायेत, मीच फोडतो. माही नात बसते तिथं." वहीतला आकडा पुन्हा वाचून मारोतराव म्हणाले, "फोडा. पण आता नीट भरा."

नवे कॉलम बेताच्या पाण्यात भरले गेले. त्याच घमेल्यातला माल माझ्या वाट्याला आला. ठोकळा फोडायच्या दिवशी मिस्तरी स्वतः वाशिमला, मशीन असलेल्या प्रयोगशाळेत आले. ताकद दीडपट नव्हती, हवी तेवढी आणि वर थोडी होती. त्यांनी तो आकडा दोनदा वाचून घेतला आणि डोळे पुसले.

आता खोलीवर स्लॅब भरून झाला आहे. माल कालवायच्या आधी मिस्तरीच मला हाक मारतात. तुमचं बांधकाम निघालं, तर मलाही बोलवा. आणि मी नापास म्हटलं, तर रागावू नका. त्या छताखाली मला राहायचं नसतं, तुम्हाला राहायचं असतं.