चोरीची माताली

निकानोराच्या परसात एक जुनी होडी चार खुंटांवर चढवलेली होती. होडीत काठोकाठ माती आणि मातीत मातालीची रोपं. जमिनीवर लावायची सोयच नव्हती. पावसाळा सरता सरता नदी अंगणात येऊन बसायची आणि बाकीचं वर्षभर कोंबड्या. वरून चंदेरी पट्टे, पालथं केलं तर वांग्यासारखं जांभळं, असं ते पान. ते कुटायचं, पाण्यात उकळून गाळायचं, गार झालं की साखर घालून वर लिंबू पिळायचं. मे महिन्याच्या मध्यावर शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याची मिरवणूक शेतांतून फिरून देवळात परत येते, तेव्हा उन्हानं अंगाची नुसती लाही झालेली असते. त्या वेळी सगळ्या गावाला हे सरबत पाजायचा मान नऊ वर्षं निकानोराकडे होता. तो तिला कुणी बोलावून दिला नव्हता. तिची माताली सगळ्यांत गडद, म्हणून आपसूक आला. आणि आपसूक आलेलं आपसूक जातंही, ह्या भीतीनं ती बाई होडीला पोटच्या पोरापेक्षा जास्त जपायची.

एप्रिलमध्ये कोमाल्काल्कोला तिची बहीण न्हाणीघरात पडली, पाय मोडून बसली. निकानोराला दहा दिवस जाणं भाग होतं. मुलगा विल्बेर समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, त्याचा काही उपयोग नाही. राहता राहिली सून, यारेनी. दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन शहरातून आलेली.

"एक दिवसाआड पाणी," निकानोरा पिशवी उचलत म्हणाली. "जास्त नको, देठं कुजतात. अकरानंतर वर चटई ओढायची. दुसरं काही करायचं नाही."

"आणखी काही, आई?"

"सांगितलं ना, दुसरं काही करायचं नाही."

एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण कुंपणापाशी जाऊन तिनं शेजारच्या एलोदियाला, चांगल्या खणखणीत आवाजात, सांगितलं, "शहरातली आहे गं, जरा लक्ष ठेव." हे यारेनीनं ऐकलं आणि तिच्या जिवाला ते लागलं. दोन महिने ती पहाटे उठून दळत होती, मळत होती, पण ह्या घरात तिचं नाव अजून "शहरातली" हेच होतं. तिनं ठरवलं, आई परत येतील तेव्हा माताली आहे त्याहून गडद दिसली पाहिजे. बघतच राहतील.

पोसोल हे मक्याचं पेय करायला रोज मका शिजवावा लागतो, आणि मका शिजवताना त्यात चुना घालतात. मागे उरतं ते पिवळसर, दाट पाणी. मक्याचा छान वास येतो त्याला. सासू ते पाणी रोज लांब कुंपणाकडे फेकायची. तिथे गवताची काडीही नव्हती, पण यारेनीच्या मनात आलं ते एवढंच, की काय ही नासाडी. तिची मावशी शहरात गुलाबांना तांदळाचं धुवण घालायची, गुलाब कसे तरारायचे. मग मक्याचा एवढा कस वाया का घालवायचा? तिनं ते पाणी गार केलं आणि होडीत ओतलं. सलग सहा दिवस.

सहाव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. तिला वाटलं ऊन लागलं, म्हणून तिनं चटई ओढली आणि आणखी एक तपेलं ओतलं. सातव्या दिवशी सकाळी देठं हात लावताच मऊ होऊन गळून पडली. यारेनीच्या तोंडचं पाणी पळालं.

तिनं एलोदियाला हाक मारली. एलोदियानं मातीवर आलेला पांढरा पापुद्रा नखानं उचलून पाहिला.

"काय घातलंस?"

"मक्याचं पाणी, मावशी."

"कुठलं? शिजवलेलं? चुन्याचं?"

यारेनीनं मान डोलावली. एलोदिया तिथेच उपड्या बादलीवर बसली. "बाई गं. ते आम्ही मुंग्यांच्या वारुळात ओततो."

यारेनीला रडू फुटलं. आई फोन करतील, विल्बेरला सांगतील, घेऊन जा हिला, हिच्या हाती काही द्यायची सोय नाही. आणि सान इसिद्रोला गाव काय पिणार? नऊ वर्षांचा मान तिनं सात दिवसांत घालवला होता.

"मावशी, तुमच्याकडची थोडी द्याल?"

"अजिबात देणार नाही," एलोदिया म्हणाली. यारेनीचं तोंड पाहून तिला राहवलं नाही. "अगं वेडे, मागून घेतलेली माताली जगत नाही. चोरूनच आणावी लागते. मी आता कोंबड्यांना दाणे टाकायला जाणार आहे. माझी पाठ तुझ्याकडे असेल. बराच वेळ असेल."

यारेनीला खरं वाटेना. पण कात्री घेऊन ती कुंपणातून शिरली. एलोदिया पाठमोरी उभी राहून दाणे टाकत होती आणि कोंबड्यांशी मोठ्यानं बोलत होती.

"अगं, पेराच्या खाली काप, पेराच्या खाली. पेरालाच मुळं फुटतात. तिथली नको, ती जून झाली. शेंड्याची घे, बोटभर लांब. आणि खालची दोन पानं काढून टाक, नाहीतर मातीत सडतात. कोंबड्या मेल्या, काही कळत नाही ह्यांना."

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी यारेनीनं सात घरं लुटली. बातमी तिच्या आधी पोचत होती. एका घरी सगळ्या बायका एकदम भिंतीकडे तोंड करून मक्याची कणसं सोलायला बसल्या. दुसऱ्या घरी बहिरे फिदेन्सिओआजोबा दारात खुर्ची टाकून टक लावून बघत बसले होते. त्यांच्या बायकोनं आजोबांसकट खुर्ची उलटी फिरवली. यारेनीला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. इतकी लोकं आपल्यासाठी पाठ करून उभी राहतात, हे शहरात कुणाला सांगितलं तर पटणार नाही.

माती मात्र तिची तिनंच बदलली. एलोदियानं कुंपणापलीकडून बजावलं होतं, चुना भिनलेली माती चिमूटभरही ठेवू नकोस. तिनं होडी उपसून धुतली, नदीकाठचा गाळ आणला, त्यात कोकोची कुजकी सालं मिसळली. हातांना फोड आले. मग दोन दोन पेरं मातीत दाबून दाट लागवड केली आणि वर चटई टाकली. पाणी ओंजळीनं, मोजकं. पहिला अख्खा दिवस सगळं मान टाकून पडलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी चार-पाच शेंडे उभे राहिले. ते बघून तिला इतका आनंद झाला की तिनं कोंबड्यांनाच ते सांगितलं.

आणि तिसऱ्या दिवशी निकानोरा आली.

दोन दिवस सगळा गाव यारेनीला शिकवत होता. सांग, छाटली. सांग, कीड लागली होती. कुणीही तोंड उघडणार नाही, अशी शपथही झाली होती. पण सासू फाटकात उभी राहून होडीकडे पाहू लागली तेव्हा यारेनीला ते जमलं नाही.

"आई, तुमची माताली मी मारली. मक्याचं पाणी घातलं, चुन्याचं. ही लोकांच्या घरून चोरून आणली."

निकानोरानं पिशवी खाली ठेवली. होडीजवळ गेली, पाहिलं, घरात जाऊन जाळीच्या झोपाळ्यात आडवी झाली आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चिडली होती, आणि चिडायचा तिला हक्कच होता. यारेनीनं जेवण वाढलं ते तसंच राहिलं. तिनं आपले कपडे घडी करून पलंगावर ठेवले. पिशवीत भरायचा धीर होईना.

ऊन उतरल्यावर निकानोरा बाहेर आली. होडीवर वाकून ती पुटपुटू लागली. "ही एलोदियाची. ही बारीक पानाची फिदेन्सिओकडची. ही कुणाची, मास्तरणीची? तिच्याकडे कशाला गेलीस, तिची फिकट असते." मग मान वर न करता तिनं विचारलं, "सान इसिद्रोला किती दिवस राहिले?"

"सव्वीस."

"शेंडे खुडशील तर फुटवे येतील. एकाचे दोन. खुडलेलं परत मातीत लावायचं. चटई आठवड्यानं काढ. सकाळचं ऊन लागलं की जांभळी होते, सावलीत राहिली तर नुसती हिरवी."

"तुम्ही करता का, आई? माझ्या हातून परत..."

"मी बोटसुद्धा लावणार नाही. चोरलीस तू. ज्यानं चोरली त्याचीच ती. पलंगावरचे कपडे पेटीत ठेव, कोंबडी घाण करेल."

पुढचे सव्वीस दिवस निकानोरा होडीपासून चार पावलं दूर उभी राहून नुसत्या सूचना देत होती. आता खुड. आज पाणी नको. यारेनीचा जीव कळवळायचा. नुकता उभा राहिलेला शेंडा मोडायचा म्हणजे काय. पण मोडलेल्या जागी दोन कोंब यायचे, आणि हळूहळू होडी भरली. पूर्वीइतकी दाट नाही. काही पट्टे रुंद, काही बारीक, सात घरांच्या सात तऱ्हा.

मिरवणुकीच्या दिवशी तीनच घागरी झाल्या. नऊ वर्षं पाच होत होत्या. देवळासमोर रांग लागली, घामानं निथळलेली, तहानलेली. पुढे फिदेन्सिओआजोबांची बायको होती.

"निकानोरा, यंदा रंग निराळाच दिसतो गं," ती म्हणाली. सगळं ठाऊक होतं तिला. साऱ्या रांगेला ठाऊक होतं.

"मला काय विचारतेस?" निकानोरा म्हणाली. "माझ्याकडे एक काडी नाही. माल तिचा आहे, तिलाच विचार." तिनं वाढायची भोपळ्याची तुंबडी सुनेच्या हातात दिली, झग्याला हात पुसले आणि चालत जाऊन रांगेच्या अगदी शेवटी उभी राहिली.

यारेनी वाढू लागली. पहिली घागर संपली, दुसरी संपली. तिची नजर सारखी रांगेच्या टोकाकडे जात होती. आईंपर्यंत पुरलं पाहिजे, बाकी काही नाही, एवढंच तिच्या मनात होतं. मग ती प्रत्येकाला घोट घोट कमी वाढू लागली. लोकांना ते कळलं. एलोदियानं पेला अर्धा भरताच हात मागे घेतला. फिदेन्सिओआजोबांना शेजारी थांबलेल्या बायकोनं ढोसलं, तेव्हा त्यांनीही मागे घेतला.

निकानोराची पाळी आली तेव्हा तिसरी घागर तिरपी करावी लागली. पेला जेमतेम भरला. निकानोरानं तिथेच, सगळ्यांसमोर, उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

"हो, आई."

"आणि पुढच्या वर्षी तुला पाच घागरी लागतील. आत्तापासून दुसरी होडी बघून ठेव."