आधी त्यांना विचारा

आत्याने चिमीच्या कानामागे मास्कची दोरी अडकवली, तशी पोरगी किंचाळली. तापाने फणफणलेलं ते अंग आत्याने दुसऱ्या कडेवर घेतलं आणि मास्क हातानेच तिच्या तोंडावर धरला.

मुलांच्या इस्पितळाच्या दारातच टेबल टाकलं होतं. शहरात गोवराची साथ होती. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला तिथे थांबवायचं, ताप, खोकला, पुरळ विचारायचं आणि संशय आला तर वेगळं बसवायचं, असा नियम. टेबलामागच्या सिस्टरने आत्याला मात्र पहिला प्रश्न विचारला तो, "राहता कुठे?"

"वीटभट्टीच्या मागे," आत्या म्हणाली. लगेच सिस्टरचं बोट बाजूच्या खोलीकडे वळलं.

"पुरळबिरळ काही नाही हो. कान ठणकतोय तिचा."

"तिकडच्या सगळ्यांना तिथेच बसवतोय. डॉक्टर येतील."

आत्या काही भांडकुदळ बाई नव्हती. दिवसभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची, भाऊ ट्रकवर आणि भावजय बाळंतपणाला माहेरी गेलेली, म्हणून भाचीचं हवं-नको बघायचं, यातच तिचा जीव मेटाकुटीला यायचा. ती मुकाट निघालीही. तेवढ्यात दारातून कडक इस्त्रीच्या सदऱ्यातला एक गृहस्थ आला. त्याच्या खांद्यावर मुलीने मान टाकली होती.

सिस्टर अर्धवट उठलीच. "या साहेब, आत हॉलमध्ये बसा. सरांना कळवते."

मुलीचे डोळे लालबुंद होते, नाक वाहत होतं. आत बाकावर एक ओली बाळंतीण मुठीएवढं बाळ पदराखाली घेऊन बसली होती. गृहस्थ तिच्याच शेजारी टेकला.

आत्या मागे फिरली.

"त्यांना काही विचारलं नाहीत?"

"मोठ्या सरांचे, इथल्या मुख्य डॉक्टरांचे मेहुणे आहेत ते."

"गोवर काय नातं विचारून येतो?"

रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. सिस्टरचा चेहरा उतरला. "ताई, उगाच खोळंबा करू नका."

"बसते ना त्या खोलीत. सांगाल तितका वेळ बसते. पण आधी त्यांना विचारा." आत्या टेबलासमोर पाय रोवून उभी राहिली. रखवालदार पुढे आला, तर तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिमी कण्हत होती. तिला थोपटत ती तिथेच उभी राहिली.

सिस्टरने एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा त्या बाळंतिणीकडे. मग ती उठली आणि हॉलमध्ये गेली.

"साधी सर्दी आहे हो," गृहस्थ वैतागून म्हणाला. सिस्टरने मुलीचे केस बाजूला केले. कानामागून मानेपर्यंत लाल ठिपके उतरले होते.

पुढचं सगळं झटपट झालं. बाप-लेकीला बाजूच्या वेगळ्या खोलीत नेलं, बाळंतिणीला आणि बाळाला तपासायला आत घेतलं, हॉलच्या खिडक्या उघडल्या. चिमीला तरुण डॉक्टरीणबाईंनी दारापाशीच पाहिलं. कानात पू झाला होता. औषध लिहून मिळालं.

आत्या दाराशी आली तेव्हा सिस्टर रांगेतल्या एकेकाला तेच ते प्रश्न विचारत होती. कोण कुठे राहतं, हे सगळ्यात शेवटी.

तेवढ्यात मोठे सर तरातरा चालत आले.

"माझ्या भाचीला त्या कोंदट खोलीत कोणी बसवलं?"

सिस्टर उभी राहिली. "मी बसवलं, सर. गोवर दिसतोय."

"दिसतोय म्हणे! गेले दोन दिवस माझ्या घरी होती ती, माझ्या मांडीवर खेळत होती. मला कळलं नसतं?" असं म्हणत त्यांनी टेबलाशेजारच्या नवजात बाळांच्या कक्षाचं दार ढकलायला त्यावर हात ठेवला.

"सर, थांबा."

सरांनी वळून पाहिलं. सिस्टर खाली बसली नाही.

"तुम्हाला गोवर येऊन गेलाय? लस घेतली होतीत?"

सरांचा हात दारावर तसाच राहिला.

आत्याचं काम झालं होतं. चिमी घरी चल म्हणून पदर ओढत होती. तरी ती जागची हलली नाही. तिला उत्तर ऐकायचं होतं.